हजार-हजाराचं हंड्रेड ऑक्टेन

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ३६ वर्षांचा. पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो, नोकरी हिंजवडीत. दीड वर्षापूर्वी एक सेकंडहँड गाडी घेतली. २०२० सालची, युरोपियन, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ हॉर्सपॉवर. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. घराचा हप्ता चालू आहे, गाडीचाही आहे. पत्नी नोकरी करते. गाडी घेताना ती एवढंच म्हणाली होती, 'घे, पण महिन्याचा खर्च मला खरा सांग.' आमच्या गाडीवाल्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की या इंजिनात १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलशिवाय काही घालणं म्हणजे गाडीचा खून आहे. एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं, 'गाडीची ऐपत आहे, पेट्रोलची नाही?' तेव्हापासून महिन्यातून चार-पाच वेळा ऑफिसातून येताना वाकडी वाट करून १०० ऑक्टेन टाकतो. एका वेळी हजाराचंच टाकतो, म्हणजे कार्डावर मोठी रक्कम दिसत नाही. बाकी साधं. पत्नीला 'पेट्रोल महाग झालंय' एवढंच सांगितलंय. १०० बंद केलं तर इंजिन खराब होईल का? आणि हे सगळं तिला कळलं तर ती गाडी विकायला लावेल का?"

(गाडीचं नाव पत्रात होतं, मी मुद्दाम काढलं. अशा गाड्या शहरात मोजक्याच आहेत आणि लगेच ओळख पटेल.)

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद-पेन घेऊन बसले. आधी त्या हजार रुपयांचा हिशेब करू.

१०० ऑक्टेनचा दर १६५ रुपये धरला, तर हजारात सहा लिटर येतं. तुमच्या गाडीची टाकी ५० लिटरची, तुम्ही लिहिलंय त्यावरून ती साधारण निम्मी भरलेली असते. म्हणजे २५ लिटर साध्या पेट्रोलमध्ये तुम्ही सहा लिटर १०० ऑक्टेन ओतता. साधं पेट्रोल ९५ धरलं, तर मिश्रण होतं जेमतेम ९६. साधं ९१ धरलं, तर ९३ सुद्धा गाठत नाही. दीड वर्षात तुमच्या गाडीने १०० ऑक्टेन एकदाही चाखलेलं नाही. तुम्ही फक्त त्याचे पैसे भरलेत.

आणि ती वाकडी वाट. जाऊन-येऊन १८ किलोमीटर जास्त पडतात असं तुम्हीच लिहिलंय. शहरात तुमची गाडी लिटरला नऊ देते. म्हणजे सहा लिटर आणायला दोन लिटर जाळले.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. लपवायचं म्हणून थोडं-थोडं भरलं आणि थोडं-थोडं भरलं म्हणून ते वायाच गेलं, इतकं हे सरळ आहे. इंजिनाचा प्रश्न आणि घरातला प्रश्न एकमेकांत असे अडकलेत. आता एकेक सोडवू.

पहिलं गृहीत असं दिसतं की जितका आकडा मोठा, तितकं पेट्रोल 'ताकदवान'. तसं नसतं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळा एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाते. दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्वाळा पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपसूकच भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की हे पेट्रोल न भडकता किती दाब सोसतं. त्यात जास्त ऊर्जा भरलेली नसते. टर्बोवाल्या इंजिनात हवा कोंबलेली असते, म्हणून त्याला सोशीक पेट्रोल लागतं. बस इतकंच.

लागतं म्हणजे किती, हे ग्रुपने नाही, गाडी बनवणाऱ्याने सांगायचं असतं. आणि त्याने ते सांगितलेलं आहे. पेट्रोल टाकायचं झाकण उघडा, आतल्या बाजूला स्टिकर असतो. तुम्ही स्वतःच पत्राच्या शेवटी लिहिलंय, "झाकणावर ९५ लिहिलंय, पण ते युरोपचं ९५, आपल्याकडचं नाही." हा समज मी खूप जणांकडून ऐकते. युरोपातला आकडा आणि आपल्याकडचा आकडा एकाच पद्धतीचा आहे, दोन्हीकडे तो आरओएन, म्हणजे ऑक्टेन मोजायच्या एकाच मापातला असतो. तुमची गाडी जिथे घडली, तिथे पंपावर सर्रास मिळतं ते ९५ च. गोंधळ होतो तो अमेरिकन व्हिडिओ बघून. तिकडे पंपावर वेगळ्या सरासरीचा आकडा लिहितात, त्यांचा ९१ म्हणजे आपला साधारण ९५-९६. तुमच्या ग्रुपमधले कोणी "अमेरिकेत याला ९३ सांगतात" म्हणत असतील, तर तो ९३ म्हणजे आपल्या मापात ९८ च्या आसपास. तिथला आकडा उचलून इथल्या नोझलला लावला की मापच चुकतं.

आता समजा एखाद्या दिवशी कमी ऑक्टेनचं भरलं. इंजिनाचा खून होतो का? तुमच्या इंजिनावर नॉक सेन्सर आहे. नॉकिंगची पहिली कंपनं लागली की संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो, गरज पडली तर टर्बोचा दाबही उतरवतो. ताकद किंचित कमी होते, मायलेज थोडं घसरतं, इंजिन सावरतं. पण ही सोय अडीअडचणीसाठी असते, रोज तिच्या जिवावर गाडी चालवायची नाही. एप्रिल-मे मध्ये चार माणसं, एसी, सामान असं सगळं घेऊन खंडाळ्याचा चढ वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटायचा आणि टाकीत कमी ऑक्टेन, हा प्रकार टाळा. तिथे गिअर खाली घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या. याउलट वाकड ते हिंजवडीच्या सकाळच्या रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवलेला असताना इंजिनावर बोजाच नसतो. तिथे ९५ आणि १०० मधला फरक त्याला कळायचंही कारण नाही. तुमचं बहुतेक १०० ऑक्टेन जळलं ते त्या रांगेत.

माझा कौल ९५ ला आहे. पॉवर ९५, एक्सपी ९५, जे वाटेत मिळेल ते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला होता की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेनही आता ९५ पर्यंत पोहोचतं. कारण शुद्ध इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या वर आहे. तरी झाकणावर ९५ लिहिलेलं असताना नोझलवरही ९५ लिहिलेलं घ्यावं, असं मला वाटतं. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त जातात, ते या इंजिनासाठी रास्त आहेत. प्रीमियम पेट्रोलमध्ये साफसफाईची रसायनं असतात म्हणून घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. इंजेक्टरला त्याचा उपयोग होतो. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते शिवतही नाही. तिथला कार्बन बाटलीतल्या किंवा पंपावरच्या कुठल्याच जादूने जात नाही. तो मेकॅनिककडून काढून घ्यावा लागतो.

१०० ऑक्टेनच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. इथेनॉलचा. इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणलं, मथुरा रिफायनरीत बनवलेलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणेही होतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं नसतं. तुमची गाडी २०२० ची, म्हणजे ई२० साठी (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी) बनवलेल्या गाड्या यायला लागण्याच्या आधीची. ई२० मुळे अशा जुन्या गाड्यांचं मायलेज ६ ते ७ टक्के पडू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय. कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते, पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. मंत्रालयानेही मान्य केलंय की काही जुन्या वाहनांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावी लागू शकतात. तेव्हा मनात धाकधूक असेल तर ती अगदीच निराधार नाही. पण ९५ लाही इथेनॉल असतंच आणि तुमच्या सहा लिटरच्या हिशेबात टाकीतलं इथेनॉल २० टक्क्यांवरून १६ वर आलं, एवढाच फरक पडला. यासाठी दोन गोष्टी करा. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ई-मेल करा: या गाडीला ई२० चालतं का? उत्तर लेखी मागा, तोंडी 'काही होत नाही साहेब' वर थांबू नका. दुसरं, पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या आणि सील बघायला सांगा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, म्हणजे परदेशी जाणं वगैरे, तर त्याआधी टाकीत १०० ऑक्टेन भरून ठेवणं शहाणपणाचं. इथेनॉल हवेतली ओल धरतं.

आता पैसे. तुमचं महिन्याचं धावणं हजार किलोमीटर, म्हणजे १११ लिटर. साधं १०४ रुपये धरलं तर ११,५४४. ९५ वालं ११२ धरलं तर १२,४३२. सगळं १०० ऑक्टेन वापरलं तर १८,३१५. तुमच्या पंपाचे दर घालून आकडे पुन्हा काढा, पण चित्र हेच राहील. साध्यावरून ९५ वर जायला महिन्याला नऊशे रुपयेसुद्धा लागत नाहीत. १०० वर जायला पावणेसात हजार लागतात, वर्षाचे ८१ हजार.

आणि तुम्ही आजवर खरोखर किती जास्त खर्च केलात? महिन्याला पाच हजारांचं, म्हणजे ३० लिटर १०० ऑक्टेन. साध्यापेक्षा ते १,८३० रुपयांनी महाग पडलं. वाकड्या वाटेचं दहा लिटर साधं धरलं तर १,०४० रुपये. मिळून २,८७० रुपये. घरात चोरून बाळगलेली गोष्ट ती एवढी आहे. तुमच्या पत्राचा सूर वाचून मला वाटलं होतं आकडा फार मोठा असेल.

पेट्रोलवर सगळं लक्ष लागल्यामुळे बाकीचं तुम्ही मोजलेलंच दिसत नाही. चांगले १८ इंची चार टायर साठ हजारांच्या खाली क्वचित मिळतात. ते ३० हजार किलोमीटर टिकले तर किलोमीटरला दोन रुपये. ताम्हिणीत दर रविवारी जोरात वळणं घेतलीत आणि २० हजारांतच गेले तर तीन रुपये. साधं की ९५, हा फरक किलोमीटरला नव्वद पैसे आहे. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, गिअरबॉक्सचं तेल. घोडा घेतला की दाणा-वैरण आलीच, पण नाल आणि खोगीरही येतं. ग्रुपमध्ये ऐपतीचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी टायरबद्दल विचारलं असतं, तर तुमचं थोडं भलं झालं असतं.

त्या प्रश्नाने तुम्हाला लागलं, हे समजतं. चारचौघांत ऐपत काढली की कोणालाही लागतं. पण त्याला उत्तर म्हणून तुम्ही दीड वर्ष पंपावर पैसे भरताय आणि तो माणूस ते बघायलाही तिथे नाही. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सांगा, "झाकणावर ९५ आहे, मी ९५ टाकतो." याच्यापुढे बोलण्यासारखं त्यात काही नाही.

याच ग्रुपवर आज ना उद्या कोणीतरी तुम्हाला 'रिमॅप करून घे' म्हणणार, म्हणून आताच लिहिते. इंजिनाचा संगणक १०० ऑक्टेनसाठी नव्याने लिहून घेतलात, तर मग ते पेट्रोल हौस राहत नाही, सक्ती होते. मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर ते मिळतं. गणपतीत कोकणात निघालात, ताम्हिणी उतरून माणगाव गाठलंत आणि टाकी रिकामी झाली, तर तिथे काय भरणार? करायचंच असेल तर ९५ वरच चालणारा मॅप मागा आणि विमा कंपनीला कळवा. माझं मत विचाराल तर गाडीचा हप्ता फिटेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. २४५ हॉर्सपॉवर पुण्याच्या रस्त्यांना पुरून उरते.

राहता राहिली हौस. रविवारच्या एका फेरीसाठी १०० ऑक्टेन भरायची इच्छा असेल तर खुशाल भरा. पण नीट भरा. टाकी पाव भागावर आली की एकदम ३५ लिटर, म्हणजे मिश्रण खरंच ९८-९९ वर जाईल. काटा अगदी तळाला टेकू देऊ नका, टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलनेच थंड राहतो. ९५ च्या तुलनेत १,८५५ रुपये जास्त जातील. तिमाहीतून एकदा, तुमच्या हौसेच्या खात्यातून, सांगून-सवरून. आणि खरंच फरक पडतो का हे बघायचं असेल तर टाकी ते टाकी मोजा: पहिल्या खटक्याला नोझल थांबवायची, लिटर आणि किलोमीटर लिहायचे, एकाच प्रकारच्या पेट्रोलच्या सलग दोन-तीन टाक्या, रस्ता शक्यतो तोच. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका.

ज्यांच्याकडे एक लिटरची छोटी टर्बो गाडी आहे, त्यांनाही हेच लागू: झाकण आणि मॅन्युअल बघा. आणि साधं बिनटर्बोचं इंजिन असेल, मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल, तर पंपावर "साधं की पॉवर?" विचारल्यावर साधं सांगताना अजिबात संकोच नको. स्कूटरवाल्यांनीही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पत्रात एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे निघून गेलात. "घे, पण महिन्याचा खर्च मला खरा सांग." गाडी घेऊ नको असं त्या म्हणाल्या नाहीत. दोन हप्ते डोक्यावर असताना त्यांनी एकच अट घातली, आणि मोडली गेली ती नेमकी तीच. 'पेट्रोल महाग झालंय' हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते जास्त बोचेल. कळलं तर काय होईल असं तुम्ही विचारता. मला वाटतं, कळेल की नाही याची वाट बघू नका, तुम्हीच सांगा. या आठवड्यात सांगा. आकडा छोटा आहे तोवर सांगणं सोपं आहे.

माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही असायची, तिला दोऱ्याने बॉलपेन बांधलेलं. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे चार रकाने. गाडी वडील चालवायचे, पण वही आईच्या मांडीवर. पंपावर थांबलं की ती वाकून मीटर वाचायची आणि लिहायची. एकदा पावसाळ्यात तिनेच सांगितलं, "अहो, बाराचं नऊवर आलंय, कार्ब्युरेटर दाखवा." दाखवलं, आणि खरंच तिथेच बिघाड निघाला. त्या गाडीवर आमच्या घरात इतर बरेच वाद झाले, पेट्रोलवरून मात्र कधी झाला नाही. आईला आकडा ठाऊक असायचा.

तुम्ही वही ठेवा किंवा फोनवर दोघांना दिसेल असा तक्ता ठेवा. पेट्रोल, टायर-सर्व्हिसिंगसाठी दर महिन्याला बाजूला काढायची रक्कम, विम्याचा बारावा हिस्सा आणि हप्ता, चारही रकाने. आधीच्या दीड वर्षाची पहिली ओळ तुम्ही स्वतः भरा: महिन्याला २,८७० रुपये जास्त, आणि कशासाठी. एकूण बेरीज बघून त्या म्हणाल्या की हे झेपत नाही, तर ते ऐकावं लागेल. कदाचित धावणं कमी करावं लागेल. ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस बस किंवा कंपनीची कॅब घेतली, तर पेट्रोलच्या कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त वाचेल. कदाचित गाडी विकायचीच पाळी येईल, हे मी नाकारत नाही. पण तो निर्णय दोघांनी मिळून, समोर आकडे ठेवून घेतलेला असेल. एका छोट्या लबाडीच्या रागात घेतलेला नसेल.

येत्या रविवारी घरापासून जवळच्या पंपावर दोघं जा. झाकण उघडून तो स्टिकर त्यांना दाखवा, पोऱ्याला "९५, टाकी फुल्ल" सांगा, आणि बिल त्यांच्या हातात द्या.